सिंक सुटतोय? आवाज सरकवण्याआधी तीन ठिकाणी मोजा

पहिल्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द चपखल बसलेले असतात. मिनिटभरात काहीतरी खटकायला लागतं, आणि शेवटच्या दृश्यात दार सताड उघडं असतानाच ते आपटल्याचा आवाज येतो. ॲनिमेशन फिल्म जोडताना ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बहुतेकांचा हात आपोआप साउंड ट्रॅककडे जातो. ट्रॅक थोडा ओढायचा, चालवून बघायचं, अजून थोडा ओढायचा. शेवट जुळतो तेव्हा सुरुवात बिघडलेली असते. मग ट्रॅक मधोमध कापून दोन्ही तुकडे वेगवेगळे सरकवायचे, आणि संगीतकाराकडून नवं मिक्स आलं की सगळं पहिल्यापासून.

ट्रॅकला लगेच हात लावू नका. आधी चूक मोजा. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, सुटण्याची कारणं डझनभर असली तरी प्रत्येक कारण टाइमलाइनवर आपली वेगळी खूण सोडतं. ती ओळखता आली तर दुरुस्ती बहुतेक वेळा एखाद्या सेटिंगपुरतीच असते.

मोजायचं कसं

फिल्मच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाकडे अशा तीन जागा शोधा, जिथे चित्रातली घटनाही टोकदार आहे आणि आवाजही: टाळी, खाली पडलेलं भांडं, दाराची कडी. वाऱ्याचा घोंघाट किंवा बासरीची लांब सुरावट इथे कामाची नाही. ज्या फ्रेमला भांडं जमिनीला टेकतं तिथे एक मार्कर टाका, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जिथे एकदम उसळतो तिथे दुसरा. मधल्या फ्रेम मोजा. आवाज उशिरा असेल तर अधिक, आधी असेल तर उणे. असे तीन आकडे कागदावर लिहून काढा.

हे सगळं टाइमलाइन थांबवून करायचं, चालवून नाही. चालत्या प्लेबॅकवर विश्वास ठेवू नये याची दोन ठोस कारणं आहेत. एक, ब्लूटूथ हेडफोन. त्यांच्यात आवाज सेकंदाचा एक दशांश ते एक चतुर्थांश उशिरा पोचणं अगदी सर्रास घडतं. २४ च्या फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम असताना, ते दोन ते सहा फ्रेम होतात. काही सॉफ्टवेअर हा उशीर भरून काढतात, काही नाही. एडिटिंगला वायरचे हेडफोन वापरा, स्वस्तातले असले तरी चालतील. दुसरं कारण म्हणजे दृश्य जड असलं की मशीन धापा टाकतं. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक 'प्ले एव्हरी फ्रेम'वर असेल तर प्रत्येक फ्रेम दाखवण्याच्या नादात चित्र हळू चालतं आणि आवाज पुढे निघून जातो. फाइलमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत 'सिंक टू ऑडिओ' निवडलं की मशीनला न झेपलेल्या फ्रेम गाळल्या जातात आणि आवाजाची वेळ कायम राहते. तुमची तक्रार फक्त प्लेबॅकपुरती असेल तर ती इथेच संपेल.

आता ते तीन आकडे बघा.

तिन्हीकडे सारखाच फरक

अधिक तीन, अधिक तीन, अधिक तीन. हा सगळ्यात सोपा प्रकार. दोन्हींचा वेग बरोबर आहे, फक्त सुरुवात जुळलेली नाही. पूर्ण ट्रॅक एकदाच सरकवून प्रश्न सुटतो असा प्रकार हाच. तरी फरक आला कुठून हे शोधा, नाहीतर पुढच्या मिक्सला तो परत येईल.

एका फ्रेमचा फरक असेल तर संशय मोजणीवर घ्या. ब्लेंडरची टाइमलाइन १ पासून सुरू होते, बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरची शून्यापासून. दोन-तीन दशांश सेकंद किंवा जास्त फरक असेल तर संगीताच्या फाइलच्या सुरुवातीची शांतता कुणीतरी कापलेली असते, किंवा काउंट-इन (गाण्याआधीची तालाची मोजणी) तसाच राहिलेला असतो. तिसरा चोर लपूनछपून काम करतो, तो म्हणजे एमपीथ्री. दाबलेल्या ऑडिओच्या सुरुवातीला एन्कोडर (फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) थोडी शांतता भरतो. एमपीथ्रीत ती साधारण हजारभर सॅम्पलची असते. एएसी या दुसऱ्या दाबलेल्या प्रकारात काही एन्कोडर २११२ सॅम्पल भरतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल असताना, हे ४४ मिलिसेकंद झाले. २४ च्या रेटला एक फ्रेमच ४१.६७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक पूर्ण फ्रेम गेली. काही प्लेअर ही शांतता काढून टाकतात, काही तशीच वाजवतात. ॲनिमेटरने एमपीथ्रीवर चित्रं काढली आणि एडिटरने अंतिम वेव्ह (न दाबलेली) फाइल लावली की सगळे ओठ थोडे थोडे चुकतात, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. पहिल्या ॲनिमॅटिकपासून (आवाजावर बसवलेल्या कच्च्या चित्रांच्या आराखड्यापासून) वेव्हच वापरा.

या प्रकाराला कायमचा उपाय म्हणजे टू-पॉप. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमपुरता १००० हर्ट्झचा 'पिक्' असा टोन, आणि त्याच फ्रेमला चित्रात एक पांढरी फ्रेम किंवा '२' हा आकडा. २४ च्या रेटला ही फ्रेम पहिल्या चित्राच्या ४८ फ्रेम आधी येते. फिल्मच्या जुन्या काउंटडाउन लीडरमधून आलेली ही पद्धत आजही मोडलेली नाही. संगीतकाराला आणि साउंड डिझायनरला दिलेल्या प्रत्येक व्हिडिओत हा पॉप ठेवा आणि प्रत्येक मिक्समध्ये तो परत मागा. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी असाच आणखी एक पॉप ठेवला तर तुमचं मोजमापही फुकटात होतं: पुढचा पॉप जुळतो पण मागचा जुळत नाही, असं दिसलं की दुखणं पुढच्या प्रकारचं.

फरक एकसारखा वाढत जातो

शून्य, अधिक २९, अधिक ५८. इथे ट्रॅक कितीही सरकवला तरी एका वेळी एकच जागा जुळेल, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वेगाने चालताहेत. एका मिनिटाला किती फरक पडतो ते काढा. तो आकडाच गुन्हेगाराचं नाव सांगतो.

मिनिटाला साधारण दीड फ्रेम असेल तर एकीकडे २४ आणि दुसरीकडे २३.९७६ आहे. दहा मिनिटांत हा फरक ०.६ सेकंदाचा होतो. दोन-तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये तो डोळ्यांतून निसटतो आणि पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये गळ्याशी येतो. बऱ्याच मेनूंत हा रेट २३.९८ असा लिहिलेला असतो, म्हणून घाईत तो २४ समजला जातो. हा विचित्र आकडा आला अमेरिकेतून. तिथे १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत येऊ नये म्हणून ३० चा रेट २९.९७ केला गेला, आणि टीव्हीसाठी २४ ची फिल्म त्याच प्रमाणात २३.९७६ झाली. आपल्याकडचा टीव्ही २५ चा. त्यामुळे भारतात कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय २३.९७६ वर काम सुरू करायचं काहीच कारण नाही. माझं मत विचाराल तर वाहिनीने २५ सांगितलं नसेल तर निखळ २४ वर काम करा. थिएटर आणि महोत्सवांसाठी तोच रेट सगळ्यात निर्धोक.

मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक म्हणजे २४ आणि २५ ची गल्लत. २४ च्या हिशेबाने काढलेल्या १४४० फ्रेम २५ ने चालवल्या तर साठ सेकंदांचं चित्र ५७.६ सेकंदांतच संपतं. आणि मिनिटाला दहा-बारा सेकंद गेले असतील तर इमेज सिक्वेन्स (क्रमांक दिलेल्या चित्रांची रांग) ३० ने वाचला गेलाय. पीएनजीच्या फाइलला स्वतःचा फ्रेमरेट नसतो. ती नुसती चित्रांची चळत असते, आणि ती कोणत्या वेगाने दाखवायची हे आत घेणारं सॉफ्टवेअर ठरवतं. आफ्टर इफेक्ट्स इमेज सिक्वेन्स मुळात ३० ने वाचतो, जोवर तुम्ही प्रेफरन्सेसमधल्या इम्पोर्ट विभागात आपला रेट लिहीत नाही. प्रीमियरमध्येही हीच सोय आहे, मीडिया विभागात 'इनडिटरमिनेट मीडिया टाइमबेस' या नावाखाली. दोन्हीकडे हा आकडा काम सुरू करायच्या आधी बदलून घ्या. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमरेट मीडिया आत घेण्याआधी ठरवा, नंतर तो खाना बंद होतो.

आत आलेल्या क्लिपचा रेट चुकला असेल तर दुरुस्ती 'इंटरप्रिट फुटेज'मधून करायची. क्लिपची स्पीड ९६ टक्के करून लांबी जुळवायचा मोह होतो, तो टाळा. इंटरप्रिट केल्यावर तुमची प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी राहते. स्पीड बदलल्यावर मात्र सॉफ्टवेअर काही फ्रेम दुहेरी करतं, किंवा दोन फ्रेम एकमेकींत मिसळून धूसर चित्र तयार करतं. हाताने काढलेल्या रेषेवर ते फार केविलवाणं दिसतं.

काम अर्ध्यावर असताना फ्रेमरेट बदलणं हा यातला सगळ्यात महाग प्रकार. ब्लेंडरमध्ये कीफ्रेम (हालचालीच्या ठळक जागा) फ्रेमच्या क्रमांकाला बांधलेल्या असतात आणि आवाज सेकंदांना. आउटपुटमध्ये २४ चे २५ केले की आवाज सेकंदांत तेवढाच राहतो, पण त्याची प्रत्येक जागा नव्या फ्रेम क्रमांकावर जाते. कीफ्रेम मात्र जुन्याच क्रमांकांवर बसून राहतात. वाहिनीने ऐनवेळी २५ मागितले तर फिल्म २४ वरच पूर्ण करा, आणि तयार झालेलं चित्र आणि मिक्स दोन्ही मिळून चार टक्क्यांनी वेगवान करा. स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो, तो ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये खाली आणता येतो.

ऑडिओच्या बाजूने असा फरक क्वचित येतो. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजवली गेली तर मिनिटाला जवळजवळ पाच सेकंद कमी होतात, पण आवाज इतका बारीक होतो की ऐकताच कळतं.

फरक कटागणिक उडी मारतो

एका शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी फरक सारखाच असतो, पण कट ओलांडला की तो एका फ्रेमने वाढतो. तीन जागांचे आकडे बघून हा मागच्या प्रकारासारखाच वाटतो, म्हणून शंका आली की एका लांब शॉटच्या दोन्ही टोकांना मोजा.

दोष असतो तो टोकं मोजण्यात. दोन सेकंदांचा शॉट म्हणजे ४८ फ्रेम. रेंडर १ ते ४८ केला तर ४८ येतात, ० ते ४८ केला तर ४९. एक जादा फ्रेम कुणाला दिसत नाही. चाळीस शॉटांच्या फिल्ममध्ये मात्र शेवटापर्यंत चित्र चाळीस फ्रेमनी लांबलेलं असतं, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त. दार आपटण्याचा आवाज दाराआधी येतो तो बहुतेक यामुळे. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे: शॉटची यादी काढा, प्रत्येकासमोर ॲनिमॅटिकप्रमाणे किती फ्रेम हव्यात ते लिहा, आणि फोल्डरमधल्या फाइल मोजा. शेवटचा क्रमांक वजा पहिला क्रमांक अधिक एक, एवढ्या फाइल असायलाच हव्यात. कमी असतील तर रेंडर मध्ये कुठेतरी अडकलाय. क्रमांकांपुढे शून्यं लावलेली नसतील तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १०, ११ आणि मग २ अशी चित्रं लावतं. म्हणून नाव नेहमी चार अंकी ठेवा: ०००१, ०००२.

कटांच्या आसपास आणखी दोन गोष्टी तपासा. एडिटरसाठी दोन्ही टोकांना दिलेल्या जादा फ्रेम कापायच्या राहिल्यात का? आणि डिझॉल्व्ह (एक शॉट विरत दुसरा उमटणं) कसा लावलाय? दोन शॉट एकमेकांवर चढवून बारा फ्रेमचा डिझॉल्व्ह केला तर फिल्म बारा फ्रेमनी आखडते. आधीच जादा ठेवलेल्या फ्रेममधून केला तर लांबी बदलत नाही.

फरकाला धरबंद नाही

उणे दोन, अधिक नऊ, उणे चार. टाइमलाइनवर कुठेतरी बदलत्या फ्रेमरेटचा व्हिडिओ आहे. फोनचं शूटिंग आणि काही स्क्रीन रेकॉर्डिंग सेकंदाला कधी २८ फ्रेम देतात तर कधी ३०, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ते एकाच रेटने वाचायचा प्रयत्न करतं. ॲनिमेटर हातवाऱ्यांच्या संदर्भासाठी स्वतःचं शूटिंग करतात किंवा ॲनिमॅटिक स्क्रीनवरून रेकॉर्ड करून पाठवतात, तिथून हे आत शिरतं. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदलून घ्या आणि मगच आत आणा. ॲडोबी ॲनिमेट वापरत असाल तर आवाजाचा सिंक 'इव्हेंट'वर आहे का ते बघा. इव्हेंटवरचा आवाज एकदा सुरू झाला की चित्र कुठवर पोचलंय याची फिकीर न करता वाजत राहतो. संवाद आणि गाणी कायम 'स्ट्रीम'वर हवीत.

शून्य, शून्य, शून्य, आणि तरीही चुकल्यासारखं वाटतं

इथे सेटिंग संपतात आणि खरं काम सुरू होतं. मोजणी बरोबर असूनही बघणारा म्हणतो, "काहीतरी मागे पडतंय." तो चूक बोलत नसतो.

कान आणि डोळा दोन्ही बाजूंना सारखी सूट देत नाहीत. युरोपीय प्रसारकांच्या संघटनेची २००७ ची शिफारस सांगते की आवाज चित्राच्या आधी जास्तीत जास्त ४० मिलिसेकंद आणि नंतर ६० मिलिसेकंद चालेल. आधी आलेला आवाज लवकर खटकतो, कारण निसर्गात तसं कधी घडत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २४ च्या एका फ्रेममध्ये जेमतेम १४ मीटर. मैदानाच्या टोकाला उभं राहून क्रिकेट बघताना बॅट फिरलेली आधी दिसते, टक् नंतर येतो, आणि आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून शंका असेल तिथे चित्र पुढे ठेवा. अनुभवी ॲनिमेटर ओठांचे आकार शब्दापेक्षा एक-दोन फ्रेम आधी ठेवतात ते याचसाठी.

पण सगळे ओठ सरसकट दोन फ्रेम पुढे नेऊन भागत नाही. 'पुन्हा पाऊस' हे दोन शब्द वेव्हफॉर्मवर मोठे करून बघा. 'पाऊस'मधल्या 'प'च्या आधी एक छोटी सपाट पट्टी दिसेल, साधारण दोन फ्रेमची. तिथे ओठ मिटलेले आहेत आणि आवाज नाही. पट्टीनंतर जी उसळी येते ती ओठ उघडल्याची. नवखा माणूस मिटलेल्या ओठांचं चित्र उसळीवर ठेवतो, कारण तिथे 'प' ऐकू येतो. तेव्हा खरं तर ओठ उघडायला लागलेले असतात. मिटलेलं चित्र त्या सपाट पट्टीवर हवं, आणि निदान दोन फ्रेम तरी, नाहीतर डोळ्याला ते पकडता येत नाही. 'म'चं उलट आहे. 'आमचा' म्हणताना ओठ मिटलेले असतानाच आवाज नाकातून चालू असतो, त्यामुळे मिटलेलं चित्र थेट आवाजावर बसतं. 'ओ' आणि 'ऊ'साठी ओठ स्वर ऐकू येण्याआधीच गोल व्हायला लागतात. त, ट, ळ, क, ग ही मंडळी तोंडाच्या आत काम करतात, बाहेरून फारसं काही दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळी चित्रं काढत बसू नका. प, फ, ब, भ, म आणि ठळक स्वर बरोबर पडले की बघणाऱ्याची तक्रार राहत नाही.

ऱ्हुबार्ब लिप सिंक हे फुकट साधन वापरत असाल तर मराठी संवादांसाठी त्यातला 'फोनेटिक' ओळखकर्ता निवडा. दुसरा इंग्रजी शब्दांवर बेतलेला आहे. त्यातून येणारा पहिला हात बऱ्यापैकी असतो. वर सांगितलेली ओष्ठ्य व्यंजनं मग हाताने नीट करायची.

आघातांचंही असंच. चित्रं दोन-दोन फ्रेम धरलेली असतील तर नवं चित्र एक फ्रेम सोडून येतं. हातोडीचा ठोका २१८ व्या फ्रेमला आहे आणि तुमची चित्रं विषम फ्रेमवर बदलतात: मग टेकलेली हातोडी २१७ ला दाखवा, २१९ ला कधीच नाही. किंवा त्या एका जागी दोनाची घडी मोडून एकेक फ्रेमचं चित्र द्या. आणि कोणती फ्रेम आघाताची हेही नीट ठरवा. डोळा आघात ओळखतो तो हालचालीची दिशा पालटते तिथे. चेंडू जमिनीला टेकून दोन फ्रेम चपटा राहत असेल तर आवाज पहिल्या टेकण्यावर हवा, उसळण्यावर नको.

गाण्यावर चित्र बसवताना

संगीतातला ठोका वेव्हफॉर्मच्या सुरुवातीला असतोच असं नाही. ढोलकीची थाप, टाळ, चिपळ्या यांची उसळी म्हणजेच ठोका. गायकाने 'सांग' म्हटलं तर मात्र ठोका 'आ' या स्वरावर पडतो. त्याआधीचा 'स'चा सळसळाट दोन-तीन फ्रेम सहज घेतो. पाऊल त्या सळसळीच्या सुरुवातीला ठेवलं तर नाचणारी व्यक्ती लयीच्या पुढे पळते. बासरी आणि सारंगीचा स्वरही हळू फुलतो. तिथे वेव्हफॉर्म बाजूला ठेवून डोळे मिटा, हाताने ताल धरत मार्कर टाका, आणि मग जवळ जाऊन नीट करा.

लय आणि फ्रेमचं गणित जुनं आहे. १९२८ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोमच्या ठोक्यांना फ्रेमच्या हिशेबात बांधलं आणि संगीताच्या मापावर कृतीची आखणी होऊ लागली. आजही तोच हिशेब: २४ च्या रेटला मिनिटात १४४० फ्रेम, त्यांना लयीने भागायचं. १२० ची लय म्हणजे मात्रेला १२ फ्रेम, ९६ ला १५, ९० ला १६. केरव्याच्या आठ मात्रा ९६ च्या लयीत बरोबर १२० फ्रेमच्या, म्हणजे पाच सेकंदांचं एक आवर्तन. तीनताल १२० ला १९२ फ्रेमचा, आठ सेकंदांचा. २५ चा रेट असेल तर १५०० ला भागा: १२५ ला १२ फ्रेम, १०० ला १५.

आणि ११० ची लय? मात्रेला १३.०९ फ्रेम. इथे दर मात्रेला १३ फ्रेम धरून पुढे मोजत गेलात तर शंभराव्या मात्रेला ठोक्याच्या नऊ फ्रेम आधी पोचाल, आणि तीन जागांचं मोजमाप तुम्हाला फ्रेमरेटवर खोटा संशय घ्यायला लावेल. प्रत्येक मात्रेची जागा गाण्याच्या सुरुवातीपासून काढा: मात्रा क्रमांकातून एक वजा करा, त्याला १३.०९०९ ने गुणा, मग जवळची पूर्ण फ्रेम. कुठे १३ येतील, कुठे १४. नाचाला ते अजिबात जाणवत नाही. संगीत अजून व्हायचं असेल तर संगीतकाराशी आधीच बोला. ११० च्या जागी १०८ किंवा ११२ नको, १२० किंवा ९६ मागा, म्हणजे दोघांचंही काम हलकं होईल.

प्रत्यक्ष वाजवलेल्या आणि गायलेल्या मराठी संगीताला मात्र हे कोष्टक पुरत नाही. अभंग रंगत गेला की लय चढते, लावणीत ढोलकीवाला तोड्याआधी किंचित रोखून धरतो, आणि ते तसंच हवं. अशा रेकॉर्डिंगला एकाच लयीची पट्टी लावून सपाट करू नका. प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) हाताने मार्कर टाका, फक्त समेवर, आणि दोन समांमधलं अंतर त्या त्या आवर्तनापुरतं मात्रांत वाटून घ्या. गाण्याचं वाढतं अंग चित्रातही उतरतं, आणि शेवटच्या तिहाईला पाऊल चुकत नाही.

देवाणघेवाण आणि शेवटची तपासणी

चित्र लॉक झाल्याशिवाय, म्हणजे सगळे कट पक्के झाल्याशिवाय, अंतिम मिक्स मागू नका. लॉकनंतर एका शॉटमधली एक फ्रेम जरी कापली तरी संगीतकाराला नवा व्हिडिओ द्या, नव्या तारखेसह. ऑडिओ वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, टू-पॉपपासून शेवटच्या पॉपपर्यंत सलग. संवाद, संगीत आणि इफेक्ट वेगवेगळ्या फाइलींत असले तरी प्रत्येक फाइल त्याच शून्यापासून सुरू झालेली हवी. फाइलच्या नावात फ्रेमरेट लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो.

एक्सपोर्ट झाल्यावर ती फाइल कोऱ्या प्रोजेक्टमध्ये आत घ्या आणि त्याच तीन जागा पुन्हा मोजा. आकडे शून्य आले आणि तरी घरच्या टीव्हीवर ओठ मागे-पुढे वाटले, तर टीव्हीच्या चित्र सुधारण्याच्या करामती बंद करून किंवा गेम मोड लावून बघा. चित्रावर प्रक्रिया करताना टीव्ही ते काही फ्रेम रोखून धरतो. सभागृहात प्रोजेक्टर लॅपटॉपला आणि आवाज वेगळ्या मिक्सरला जोडलेला असेल तर कार्यक्रमाआधी टू-पॉपची तेवढीच क्लिप वाजवून घ्या आणि पांढरी फ्रेम आणि 'पिक्' एकत्र येतात का ते शेवटच्या रांगेत नव्हे, मधल्या रांगेत बसून बघा.